काकांचा चालू आठवडा

नांदेडला मी ज्या घरात भाड्याने राहत होते, तिथे सोमवारी गजर लावायची गरज नसायची. सकाळी सहाच्या ठोक्याला गच्चीवर खरखर व्हायची, कुणीतरी माईकवर दोनदा फुंकर मारायचं आणि मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज यायचा, “लक्ष द्या, लक्ष द्या. चालू आठवड्यातील कार्यक्रमांकडे सर्व रहिवाशांनी कृपया लक्ष द्यावे.”

हे आमचे घरमालक. त्यांची सगळी नोकरी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून गेली होती. जाळीच्या खिडकीमागे बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगायचं, हे त्यांचं काम. नोकरी संपली, पण आवाज निवृत्त व्हायला तयार नव्हता. त्यांनी एका भाजीवाल्याकडून त्याचा जुना हातातला भोंगा घेतला होता. त्यात भाजीवाल्याचा रेकॉर्ड केलेला आवाज तसाच राहिला होता आणि काकांचा अंगठा चुकीच्या बटणावर पडला की तो मधेच सुरू व्हायचा. त्यामुळे त्यांची घोषणा साधारण अशी व्हायची:

“सोमवारी सकाळी दहा वाजता नवा मोंढा येथे हळदीचा लिलाव. बघण्यास शुल्क नाही. शिंका येणाऱ्यांनी स्वतःचा रुमाल आणावा. मंगळवारी तरोडा नाक्याजवळ नवीन कापड दुकानाचे उद्घाटन असून तेथे सरबत मिळण्याची… ताजे बटाटेऽऽ, बटाटे घ्या बटाटेऽऽ… मिळण्याची शक्यता आहे. बुधवारी आपल्या मागच्या गल्लीत स्लॅब पडणार आहे. मिक्सर बघण्यासारखा आहे. गुरुवार पुढील सूचना मिळेपर्यंत रद्द करण्यात आलेला आहे.”

मी लातूरची. नांदेडच्या एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवायचे. आठवडाभर ओरडून माझा घसा बसलेला असायचा आणि सकाळी सहाला दुसऱ्या कुणाचा इतका खणखणीत आवाज ऐकला की डोकं उठायचं. पहिल्याच सोमवारी मी तशीच गच्चीवर गेले आणि म्हटलं, “काका, लोक झोपलेत.”

काका भोंगा खाली घेऊन म्हणाले, “म्हणून तर सांगून राहिलो. जागे असते तर गेले नसते का बघायला?”

मी खाली आले. मागून भोंग्यातून आवाज आला, “फलाट क्रमांक दोनवरील प्रवाशांनी चप्पल घालून फिरावे. गच्ची ओली आहे.”

फलाट क्रमांक दोन म्हणजे माझी वरची खोली. ते स्वतः राहायचे तो फलाट एक, आणि खालची गाडी लावायची जागा फलाट तीन. तिथे गाडी कधीच नसायची. माणसांनाही ते नावाने हाक मारत नसत. ज्या गावाहून माणूस आला, ते त्याचं नाव. मी ‘लातूर’. दूधवाला ‘अर्धापूर’. काकूंचं माहेर देवणीचं, म्हणून लग्न झाल्यापासून त्या ‘देवणी’. चारचौघांत बायकोला नावाने हाक मारायची पद्धत त्यांच्या पिढीत नव्हती, तेव्हा ही सोय चांगली होती, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं की काका एसटीची गाडीच पुकारून राहिलेत.

शहरात कुठे काय फुकट चालू आहे याची खबर त्यांना कशी लागायची, ते मला कधी कळलं नाही. बँडवाले, जेसीबीवाले, मांडववाले, बोअर मारणारे, सगळ्यांशी त्यांची ओळख. टपरीवर एक कटिंग चहा घेऊन तासभर बसायचे आणि उठताना आठवडा भरलेला असायचा. मजेचे त्यांचे नियम कडक होते. जिथे जायचं तिथे पायी, नाहीतर एसटीने जायचं. चहापलीकडे काही घ्यायचं नाही. आणि जिथे तिकीट काढून आत सोडतात, ती मजा नाही, तो धंदा. मॉलबद्दल त्यांचं मत असं, “थंड हवेचे पैसे घेतात तिथं. हवा आपल्याकडं बी हाय की. गरम हाय, एवढंच.”

माझ्या गावाची तर त्यांना दयाच यायची. “तुमच्या लातुरात पोरं सुट्टीच्या दिवशी काय करतेत, मालूम हाय का? दुसरा क्लास लावतेत. मजा म्हणून टेस्ट देतेत. लातूर, तू एकदा तरी खामखा कुठं उभी राहिली का गं?”

खोटं कशाला सांगू, नव्हते राहिले. आमच्याकडे खामखा उभं राहिलेलं पोर दिसलं की कुणीतरी त्याला मार्क विचारतं. पण हे मी काकांपुढे कबूल करणार नव्हते.

मला त्यांनी पहिल्यांदा ओढून नेलं ते बोअर बघायला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्या मराठवाड्यात कुणाच्या प्लॉटवर बोअरची गाडी लागली की आजूबाजूची माणसं कामं टाकून जमतात. पाणी लागेल की फुफाटा निघेल, हे बघण्यात जो जीव टांगणीला लागतो तो दुसऱ्या कशात लागत नाही. त्यात बोअर आपली नसली की आणखी बरं. काका दोन घडीच्या खुर्च्या घेऊन गेले. एकीवर मला बसवलं. मालकाशी ना ओळख ना पाळख, पण काका त्याला धीर देत होते, “साहेब, धूळ पांढरी निघाली, घाबरू नका. आता काळी निघंल. काळी निघाली तर मात्र घाबरा.”

धूळ पांढरी निघाली, काळी निघाली, तांबडी निघाली. मालकाचा चेहराही त्याच क्रमाने रंग बदलत गेला. त्याची बायको देवाला नवस बोलत होती आणि दर वेळी नवस वाढवत होती. मी पेपर तपासायचे सोडून इथे का बसले आहे, असा विचार करत होते. आणि एकदम घर्रकन आवाज बदलला, माणसं ओरडली आणि पाण्याचा फवारा गाडीच्या वर उडाला. सगळे चिखलाने माखले. मालक नाचला. काका नाचले. आणि मला रडू कोसळलं. लातूरच्या माणसाने जमिनीतून एवढं पाणी वर येताना बघितलं की काय होतं, ते बाहेरच्याला समजायचं नाही. आमच्याकडे एका उन्हाळ्यात प्यायचं पाणी रेल्वेने आणावं लागलं होतं, तेव्हा मी शाळेत होते. काकांनी माझ्याकडे बघितलं. जाताना एवढंच म्हणाले, “भारी झालं का न्हाई? आणि पैसे त्याचे गेले.”

त्या संध्याकाळी मी चिखलाच्या ठिपक्यांचा ड्रेस घालून क्लास घेतला. पोरांनी विचारलं, तर प्रॅक्टिकल होतं म्हणून सांगितलं.

त्यानंतर मी अधूनमधून जाऊ लागले. लंगरात सेवा करायला जायचे ते मात्र मनापासून. गुरुद्वाऱ्यात बायकांच्या ओळीत बसून चपात्या लाटायला लागलं की कोण, कुठली, पगार किती, लग्न कधी, असलं काही कुणी विचारत नाही. काकाही पोळपाट घेऊन बसले होते. त्यांची पहिली चपाती लांबट झाली, दुसरीला शेपूट फुटलं, तिसरी पोळपाटालाच चिकटली. एका वयस्कर शीख बाईंनी फार आदराने त्यांच्या हातातलं लाटणं घेतलं आणि त्यांना लसूण सोलायला बसवलं. घरी आल्यावर काकांनी काकूंना सांगितलं, “देवणी, माझी बढती झाली.”

काकू मात्र कशालाच जायच्या नाहीत. पाय दुखतात हे त्यांचं कायमचं उत्तर. ओट्यावर बसून त्या ज्वारी निवडायच्या आणि नवरा खुर्ची घेऊन निघाला की मला म्हणायच्या, “कुणाच्या घरी दूध तापत असलं तरी हा माणूस बघायला जाईल. उतू गेलं तर टाळ्या वाजवंल.” एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा काका आठवडाभर त्यांच्या मागे लागले होते. निम्म्या पैशात बायको बाहेर नेता येते आणि ही बसून राहिली, याचं त्यांना खरंच वाईट वाटायचं. काकू म्हणायच्या, “मी घरी बसले की पूर्ण तिकीट वाचतंय.”

त्यांचा एकुलता एक मुलगा पुण्यात होता. कंपनीत मोठ्या जागेवर, सातव्या मजल्यावर फ्लॅट. आधीच सांगून ठेवते, मुलगा वाईट नव्हता. गोष्टीत असतात तसली मुलं खऱ्या आयुष्यात फार कमी असतात. एका शनिवारी मागच्या गल्लीतला दुसरा स्लॅब बघताना काकांना उन्हाने चक्कर आली आणि ते वाळूच्या ढिगावर पडले. सिमेंटवाल्या पोरांनीच त्यांना उचलून घरी आणलं. कुणीतरी मुलाला फोन केला आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन हजर झाला. आठवडाभर घरून काम करेन आणि पुढच्या रविवारी दोघांना घेऊन पुण्याला जाईन, घराला कुलूप, असं त्याने सांगून टाकलं. मला म्हणाला, “मॅडम, तुम्हाला पण दुसरी खोली बघावी लागेल. सॉरी.” त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. रात्रभर गाडी चालवत आला होता बिचारा.

काका भांडले नाहीत. मला वाटलं होतं भांडतील. संध्याकाळी जिन्यात भेटले तेव्हा आवाज एकदम लहान.

“लातूर, हा आठवडा भारी झाला पाहिजे बघ. त्याला दिसलं पाहिजे इथं किती काय काय असतं ते. न्हाईतर मी गेलो.”

“काका, पुणं काय वाईट आहे? तिथे पण काही ना काही असेलच की.”

“मी राहून आलो की तिथं मागच्या साली, पंधरा दिवस. खाली गेटवर वॉचमन विचारतो, काका, कुणाकडं आलात? रोज विचारतो. रोज तोच वॉचमन. पंधराव्या दिवशी मलाच प्रश्न पडला, खरंच, कुणाकडं आलोय आपण?” एवढं बोलून ते हसले. मला हसू आलं नाही.

सोमवारी गच्चीवरून नेहमीपेक्षा मोठी घोषणा झाली. “पुण्याहून आलेल्या प्रवाशांसाठी या आठवड्यात विशेष कार्यक्रमांची व्यवस्था करण्यात आली आहे. प्रवाशांनी लॅपटॉप बंद करून… बटाटे ताजेऽऽ… सहकार्य करावे.”

मुलाने सहकार्य केलं. बापाचं मन मोडायचं नाही म्हणून रोज दोन तास गेला. पण एखाद्याची वेळच फिरते म्हणतात ना, तसं झालं. हळदीचा लिलाव दाखवायला मोंढ्यात नेलं, तर हमालांचा बंद. रिकाम्या पोत्यांवर एक कुत्रं झोपलेलं. काका म्हणाले, “एरवी लई गर्दी असती.” कुत्र्याने एक डोळा उघडून मिटला. एका नव्या दुकानाचं उद्घाटन आदल्याच दिवशी उरकलेलं, सरबताचे नुसते कागदी पेले दारात पडलेले. विष्णुपुरीला पाणी बघायला गेलो तर धरणाचे सगळे दरवाजे बंद आणि काठावर गळ टाकून बसलेला एक म्हातारा. काकांनी त्याला मोठ्या आशेने विचारलं, “काय लागतंय का?” तो म्हणाला, “ऊन.”

बँडची तालीम तेवढी झाली, पण नको तितकी झाली. मुलगा कानात इअरफोन घालून ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलत होता. नेमकी त्याची बोलायची पाळी आली आणि मागे वीस बँडवाल्यांनी एकदम गाल फुगवून वाद्यं फुंकली. त्याच्या साहेबाने विचारलं म्हणे, लग्न कुणाचं आहे? हा गडबडून म्हणाला, “सर, वडिलांचं.” पुढे तिकडून सगळ्या ऑफिसने वडिलांचं अभिनंदन केलं, ते याने मुकाट्याने स्वीकारलं.

शनिवारी काकांनी खुर्च्या घडी करून आत ठेवल्या. मला ते बघवलं नाही.

रविवारी सामान गाडीत भरलं. कंधारकडच्या वाटेने लातूर आणि तिथून पुणे असा बेत होता. मला लातूरला घरी जायचं होतं, म्हणून मीही गाडीत. लोणच्याच्या बरण्या माझ्या मांडीवर. गाव सुटलं तसं काका हळूच म्हणाले, “वाटेत आज जनावरांचा बाजार हाय. दहा मिनिटं. यादी पुरी होईल माझी.”

मुलगा काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, “थांबू की. मी बी उतरते.”

काकांनी मान वळवून मागे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बायको कार्यक्रमाला येणार होती, आणि तेही शेवटच्या.

बाजार भरला होता. धूळ, शेण, घुंगरं, भज्यांचा वास. काळे-पांढरे देवणी बैल शिंगं रंगवून उभे होते. काकू उतरल्या त्या चांगल्या तरातरा चालायला लागल्या. पाय दुखायचे ते कुठे गेले कुणास ठाऊक. आणि काकांच्या अंगात पुन्हा वारं आलं. मुलाला दाखवायला लागले, “हे बघ, हितं भाव तोंडानं सांगत न्हाईत. हातावर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबायची. कोणतं बोट, किती दाबलं, त्यावर सौदा. बाजूला उभ्या माणसाला बी कळत न्हाई. फुकटात बघायला मिळतं बघ!”

इथवर ठीक होतं. पण बघून त्यांचं भागेना. एका धिप्पाड बैलजोडीपाशी उभ्या म्हाताऱ्या दलालाने यांच्याकडे बघितलं, तर यांनी हात पुढे केला. दलालाने रुमाल टाकला. काकांना बोटांची भाषा किती यायची? मला भरतनाट्यम येतं तितकी. दलालाने एक बोट दाबलं की हेही त्याचं बोट प्रेमाने दाबायचे. त्याने दोन दाबली की हे चार दाबायचे. त्यांना वाटलं, ओळखपाळख चालली आहे. दलालाला वाटलं, गिऱ्हाईक आपणहून भाव चढवून राहिलंय. त्याचे डोळे मोठे झाले. बैलांचा मालक आ वासून उभा. लोक जमले. पुणेरी बूट घातलेला मुलगा म्हणत होता, “आप्पा, हात काढा. आप्पा, हात बाहेर काढा आधी!”

“कसं काढू? तो सोडंना!”

दलालाने ओरडायला तोंड उघडलंच होतं. एकदा तो “झालं!” म्हणाला की सौदा पक्का, मग माघार नाही. तेवढ्यात काकू गर्दीत घुसल्या. “थांब रे भाऊ. ह्यांचा हात मोडला असं समज. आता माझ्याशी बोल.”

दलाल बिचकला. “माय, बायांचा हात आम्ही घेत न्हाई.”

“देवणीला माझ्या बापाचा घेत हुतास का न्हाई? तुला मी आमच्या वट्ट्यावर बसून चहा पिताना बघितलंय. तसाच घे.”

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे निरखून बघितलं, कुणाची मुलगी ते बहुधा ओळखलं, आणि मान तुकवून हात पुढे केला. त्याचा रुमाल काकूंनी बाजूला सारला. स्वतःचा पदर दोघांच्या हातांवर टाकला आणि त्या भलतीकडेच बघत उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मेथीची जुडी घेतानाही त्यांचा चेहरा याहून जास्त हलायचा. पदराखाली बोटं चालली होती. दलाल एकदा हसला, एकदा ओरडल्यासारखा झाला, एकदा त्याने कपाळाला हात लावला. मुलाने सुटकेचा निःश्वास टाकला. आई आहे, आई सोडवेल.

“झालं!” दलाल ओरडला. “माय, झालं!”

बैलजोडीच्या सौद्यातून सुटका झाली होती. पण शेजारी बांधलेल्या एका काळ्या-पांढऱ्या कालवडीचं दावं सोडून दलालाने काकूंच्या हातात दिलं.

“आई, हे काय?”

“काय की रे. ह्यांचं बोट चुकलं होतं ते सोडवायला गेले, तर माझं बी चुकलं.”

“मग परत कर ना!”

दलालाने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. “साहेब, बोटावरचा सौदा फिरत न्हाई. माझी इज्जत जाईल आणि तुमच्या आईची बी. दावं तेवढं माझं हाय, तुमचं आणा.”

काकूंनी गाडीतली पुण्याला न्यायची पिशवी उघडली. स्वेटरच्या वर नवाकोरा कासरा होता. त्यांनी तो कालवडीला बांधला, पैसे देऊन टाकले. मुलगा त्या कासऱ्याकडे बघत राहिला.

“आई, पुण्याला कासरा कशाला घेतला होतास?”

“सामान बांधायला. सरक, तिला टेंपोत चढवू दे.”

कालवड आता आपली आहे, हे काकांच्या डोक्यात अजून शिरलंच नव्हतं. दहा मिनिटं बघायला आलेला माणूस जनावर घेऊन परत निघाला होता, आणि त्यांच्या सगळ्या नियमांत हे कुठेच बसत नव्हतं.

कालवड टेंपोत, टेंपोमागे आमची गाडी, अशी वरात नांदेडला परत आली. लातूरला मला कुणी सोडलं नाही आणि मीही आठवण केली नाही. फलाट तीनवर कालवड बांधली. तिने लगेच फरशीवर शेण टाकलं आणि घर ताब्यात घेतलं. सातव्या मजल्याच्या लिफ्टमध्ये ही मावणार नाही, एवढं आम्हा सगळ्यांना दिसत होतं. मुलगा ओट्यावर डोकं धरून बसला.

“हिला विकायचं कधी?”

“विकू की,” काकू म्हणाल्या. “आधी गाभण राहू दे. मग विऊ दे. मग बघू.”

“म्हणजे किती दिवस?”

“तिच्या मनावर हाय ते.”

मुलाने मान वर न करता विचारलं, “आई, तुझं बोट चुकलं नव्हतं ना?”

काकू त्याच्या शेजारी टेकल्या. “तुझ्याकडं मला काय कमी हाय रे? सून चांगली हाय, घर चांगलं हाय. पण मागच्या साली पंधरा दिवस हा माणूस नुसता ‘हूं’ म्हणत होता. जेवताना हूं, झोपताना हूं. मी रोज ऐकत होते. हितं दिवसभर मला वैताग आणतो, गच्चीवर जाऊन बटाटे ओरडतो, मला चालतंय ते. तो गप्प बसलेला मला न्हाई सोसत.”

“आणि पुन्हा चक्कर आली तर?”

“आता हिला चारायला रोज नदीकडं न्यावं लागंल. हे पुढं, मी मागं. पडले तर उचलीन.”

मी उगाचच लोणच्याच्या बरण्या या हातातून त्या हातात करत होते. माझी खोली वाचणार की नाही, हा विचार त्या वेळी मनात आला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल, पण तेवढाच एक विचार होता असंही नाही. काका कालवडीपासून हातभर लांब उभे होते, जणू ती फलाट चुकून आली आहे आणि कुठे पाठवावी ते कळत नाही.

कालवडीने जागा बदलायला पाऊल टाकलं आणि गुळगुळीत फरशीवर तिचा मागचा पाय घसरला. मुलगा पटकन उठला. जवळ गेला, खाली वाकून तिचे खूर बघितले. लहानपणी आजोळी देवणीला त्याने असली जनावरं बघितली असणार, कारण तो तिला भ्याला नाही. “फरशीवर ही पडेल,” तो म्हणाला. “पाय मोडून घेईल. खाली माती टाकावी लागेल, चांगली जाड.” मग बूट काढले, पँट दुमडली आणि वडिलांकडे वळला. “आप्पा, इथे माती कुठे मिळेल?”

बाजारापासून तोंड न उघडलेले काका ताठ उभे राहिले.

“माती? फुकट मिळती,” ते म्हणाले. “चल, दाखवतो.”

दोघं गेटातून बाहेर पडले. मी बरण्या ओट्यावर ठेवल्या, कोपऱ्यातलं घमेलं उचललं आणि कुणी न बोलावता त्यांच्या मागे निघाले.